चित्रांचें अक्षरांतर

फ्रान्समधील लिऑं हें शहर रेशमी वस्त्रांसाठीं फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. तेथें नक्षीचें कापड विणावयाचें म्हणजे एकटा विणकर पुरेसा पडत नसे. ताण्याचे धागे शेंकडों. त्यांतील कोणते उचलावयाचे आणि कोणते खालीं ठेवावयाचे हें धोट्याच्या प्रत्येक फेरीस बदलणार. म्हणून दोऱ्या ओढून ते धागे उचलण्यासाठीं मागापाशीं निराळा मदतनीस ठेवावा लागे. हें काम बहुधा लहान मुलांकडे असे, व तें मोठ्या कष्टाचें होतें. आज कोणतेंही चित्र संगणकांत शिरतें तें आंकड्यांचें अथवा अक्षरांचें रूप घेऊन. त्या रूपांतराचा उगम शोधूं गेल्यास या मागापाशींच येऊन थांबावें लागतें.

इ. स. १७२५ मध्यें बाझील बूशों या कारागिरानें छिद्रें पाडलेल्या कागदाच्या पट्टीनें धागे निवडण्याची युक्ति काढली. हा वाद्यें तयार करणाऱ्या घराण्यांतला. पुढें पट्टीच्या जागीं जाड कागदाचीं पत्रें आलीं, आणि १८०४ च्या सुमारास जोझेफ मारी जाकार यानें या सर्व युक्त्या एका मागांत आणल्या. छिद्र असेल तेथें सुई आंत जाई व धागा उचलला जाई. छिद्र नसेल तेथें तो खालीं राही. श्रेय जाकारला मिळालें, व तें योग्यच झालें. तथापि या सगळ्यांत मोठी कल्पना चौकटींच्या कागदाची होती असें म्हणावें लागतें. नक्षीकार आधीं आपलें फूल किंवा पक्षी चौकटींच्या कागदावर काढी. प्रत्येक चौकटींत प्रश्न एकच: धागा वर कीं खालीं? हा प्रश्न हजारों वेळां विचारून त्याचीं उत्तरें ओळीनें लिहून ठेवलीं कीं फुलाचा मजकूर तयार झाला. तो वाचणाऱ्यास फूल ठाऊक असण्याचें कारण उरत नाहीं.

हा मजकूर किती लांब होऊं शकतो याचें उदाहरण म्हणजे १८३९ सालीं लिऑं येथें विणलेलें जाकारचें रेशमी चित्र. त्यासाठीं सुमारें २४,००० पत्रें लागलीं. इंग्लंडांतील गणिती चार्ल्स बॅबेज याच्या संग्रहीं त्याची एक प्रत होती. ती पाहणाऱ्यांस तें कोरीव ठशावरून छापलेलें चित्रच वाटे. बॅबेजनें आपल्या नियोजित गणनयंत्रास आज्ञा देण्यासाठीं हींच पत्रें योजिलीं. आपल्याकडे सोलापुरी चादरींवरील नक्षी जाकारच्या पद्धतीच्या मागांवर विणली जाते, हें येथें सांगितल्यास अप्रस्तुत होणार नाहीं. लिऑंच्या विणकरांनीं १८३१ च्या नोव्हेंबरांत जें बंड केलें तें या यंत्राविरुद्ध होतें असा एक समज आहे. त्यांचें मागणें मजुरीच्या ठरीव दरांचें होतें.

पुढील टप्पा वर्तमानपत्रांनीं गांठला. अटलांटिक महासागराच्या तळांतून टाकलेली तार १८६६ पासून शब्द नेत होती. चित्र मात्र बोटीनेंच जाई, आणि लंडनचें छायाचित्र न्यूयॉर्कास पोंचण्यास आठवड्याहून अधिक काळ लागे. तोंपर्यंत बातमी शिळी होऊन जाई. हॅरी बार्थोलोम्यू व मेनार्ड मॅकफार्लेन या दोघांनीं १९२० च्या सुमारास यावर तोड काढली. त्यांनीं तार बदलली नाहीं. चित्रच तारेच्या भाषेंत लिहून काढलें. छायाचित्राच्या प्रत्येक ठिपक्याची छटा पाहून तिला पांचांपैकीं एक पायरी द्यावयाची, आणि ती पायरी तारायंत्राच्या छिद्रांच्या पट्टीवर अक्षरासारखी नोंदावयाची. पलीकडे तारेचें मुद्रणयंत्र खास घडविलेल्या खिळ्यांनीं तें चित्र टंकलिखित पत्रासारखें उमटवी. आठवड्याचें काम तीन तासांच्या आंत येऊन बसलें. पांच छटांनीं चेहरा कसाबसा ओळखूं येई. १९२९ पर्यंत त्या पंधरा झाल्या.

संगणकांत पहिलें छायाचित्र शिरलें तें १९५७ मध्यें. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंतील रसेल किर्श यानें आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचें छायाचित्र फिरत्या नळकांड्यावर चढवून १७६ ओळी व १७६ रकाने अशा चौकटींत मोजविलें.

या इतिहासांतील सर्वांत हृद्य प्रकरण मात्र मंगळाचें आहे. मरिनर ४ हें यान १९६५ च्या जुलैंत मंगळाजवळून गेलें. त्याच्या जोडीचें मरिनर ३ वाटेवर लागण्यापूर्वींच निकामी झालें होतें, त्यामुळें सारी भिस्त या एकावर. मंगळ जवळून कसा दिसतो हें तोंपर्यंत मनुष्यजातीस ठाऊक नव्हतें. यानानें चित्रें फितीवर साठविलीं. पण फीत नीट चालली कीं नाहीं याची कॅलिफोर्नियांतील यंत्रज्ञांस शंका होती. एक चित्र म्हणजे २०० ओळी, दर ओळींत २०० ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यास ६४ छटांपैकीं एकीचा आंकडा. हे आंकडे वीस कोटी किलोमीटरांहून दूर असलेल्या यानाकडून इतके सावकाश येत कीं एका चित्रास आठ तासांहून अधिक वेळ लागे. त्यांचें छायाचित्र बनविण्याचें काम संगणकाकडे होतें. पण तितका धीर कोणास धरवेना. तेव्हां रिचर्ड ग्रम व त्याच्या सहकाऱ्यांनीं आंकडे छापलेल्या कागदी पट्ट्या कापून शेजारीं शेजारीं भिंतीवर लाविल्या, दुकानांतून रंगीत खडू आणविले, आणि कोणत्या आंकड्यास कोणता रंग हें ठरवून चौकटी हातानें भरण्यास आरंभ केला. ज्यांनीं यंत्र मंगळापर्यंत धाडलें तेच शाळेंतल्या मुलांसारखे खडू घेऊन भिंतीपाशीं उभे राहिले. ग्रहाची कड व मागील काळें आकाश हळूहळू दिसूं लागलें, आणि फीत चालली होती ही खात्री पटली. लिऑंचा नक्षीकार चित्राचे आंकडे करी. येथें आंकड्यांचें चित्र झालें, तेंही हातानेंच.

यानंतर अडचण आली ती टपालाची. संगणकांमधील विद्युत्‌टपाल अक्षरांसाठीं बांधलेलें. अमेरिकन संकेतांत एकंदर १२८ चिन्हें. त्यांबाहेरचें कांहीं आलें तर वाटेंतील यंत्रें तें मोडून टाकीत. चित्राच्या फाईलींतील प्रत्येक घटकाच्या मात्र २५६ अवस्था. १९८० मध्यें बर्कले येथें मेरी ॲन हॉर्टन यांनीं या घटकांचें साध्या चिन्हांत रूपांतर करणारी आज्ञावली लिहिली. तीन घटक एकत्र घ्यावयाचे, त्यांचे चोवीस अंश सहासहांच्या चार गटांत पाडावयाचे, आणि प्रत्येक गटास एक चिन्ह द्यावयाचें. तिनें निवडलेल्या विरामचिन्हांपैकीं कांहीं निराळ्या संकेताच्या यंत्रांत बिघडत. म्हणून पुढें इंग्रजी मोठीं अक्षरें २६, लहान २६, आंकडे १० आणि आणखी २ चिन्हें अशीं सर्वत्र टिकणारीं ६४ चिन्हें घेऊन 'बेस चौसष्ट' पद्धति रूढ झाली. १९९२ मध्यें नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनीं विद्युत्‌टपालाच्या नव्या नियमांत तिला स्थान दिलें. तीन लक्ष घटकांच्या चित्रास चार लक्ष अक्षरें लागतात, हा वजनाचा भुर्दंड खराच. परंतु चित्र वाटेंत मोडत नाहीं.

हा मजकूर मनुष्यास वाचतां येत नाहीं; तो यंत्रानें यंत्रास लिहिलेला. पण १९८९ च्या सुमारास संगणकाच्या पडद्यावरील लहान चित्रांसाठीं निघालेल्या एका पद्धतींत आज्ञावलीच्या मजकुरांतच चित्र ओळीनें लिहीत: एका अक्षरास एक रंग, आणि चित्राच्या एका ओळीस मजकुराची एक ओळ. असा कागद थोडा दूर धरून पाहिला तर अक्षरांच्या दाटीविरळींतून बाणाचें टोंक किंवा घड्याळाची तबकडी ओळखूं येते, आणि लिऑंच्या नक्षीकारानेंही तो सहज वाचला असता.