शाळेआधी काय शिकवावे: वाचणे की बोलणे?

सणाला नातवंडे घरी जमली की आमच्याकडे हा विषय हमखास निघतो. मूल पाच वर्षांचे, गानमध्ये जाते, पुढच्या वर्षी किता अलेफ. शेजारचा मुलगा वाचू लागला आणि आपला अजून दालेद आणि रेश यांत गोंधळतो, म्हणून आईबाप चिंतेत. शाळेत जाण्याआधी घरी वाचायला शिकवावे का? आपल्या समाजाच्या इतिहासात याचे थोडे उत्तर सापडते असे आम्हांला वाटते.

आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांचे ग्रंथ समुद्रात बुडाले, असे आपली परंपरा सांगते. पुढे कित्येक पिढ्या कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या या शनवार तेल्यांकडे ना हिब्रू पुस्तक होते, ना ते वाचणारा. तरीही शब्बाथ पाळला गेला, सुंता झाली आणि शेमा तोंडी राहिला. तो आईबापांच्या तोंडून मुलांच्या कानांवर गेला, म्हणून टिकला.

गंमत अशी की तालमूदही हेच सांगतो. मूल बोलू लागले की बापाने त्याला तोरेचे एक वचन आणि शेमाची पहिली ओळ शिकवावी. ही तोंडी शिकवण घरची. शाळेसाठी मात्र यहोशुआ बेन गमला याने गावोगावी शिक्षक नेमायला लावले आणि मुलांना सहाव्या-सातव्या वर्षी त्यांच्याकडे पाठवायचे ठरवले. पिर्के आवोतमध्ये शास्त्र शिकण्याचे वय पाच सांगितले आहे. म्हणजे वयाबद्दल तेव्हाही एकमत नव्हते!

आपल्याकडे अक्षर आले ते मुंबईत. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि त्यांनी मराठी शाळा काढल्या. त्या शाळांत आपली मुले शिकली, आपले लोक शिक्षकही झाले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. आपल्या लोकांनी अक्षर घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ साली मराठी भाषांतरासह हगादा निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजाची शाळा सुरू केली. पुढे ती सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली.

यातला क्रम पाहा. आधी कान, मग जीभ, शेवटी डोळा. हिब्रूचा अर्थ लोकांना कळला तोही मराठीतून, कारण मराठी त्यांच्या कानात आधीच होती.

इस्रायलला आल्यावर आमच्या पिढीत उलटेच झाले. मुले शाळेतून हिब्रू वाचायला शिकून आली आणि आई त्यांच्याच पहिलीच्या पुस्तकावर बोट ठेवून, उजवीकडून डावीकडे, अक्षरे गिरवू लागली. तिने आम्हांला एकही हिब्रू अक्षर शिकवले नाही. पण रात्री मराठीत गोष्टी सांगितल्या, शब्द दिले, प्रश्न विचारू दिले. आम्ही शाळेत मागे पडलो नाही.

म्हणून आमचे मत असे. मूल स्वतः विचारत असेल, तर अलेफ-बेत जरूर दाखवा. विचारत नसेल, तर मागे लागू नका. हिब्रू वाचणे शाळा शिकवील, तेही नेकुदोतसह, सावकाश. घरी रोज मोठ्याने गोष्ट वाचा आणि मुलाशी भरपूर बोला.

मराठीची गोष्ट मात्र निराळी आहे. अश्दोद, लोद, दिमोना, येरुहाम, कुठल्याही गावची शाळा आपल्या नातवंडांना मराठी शिकवणार नाही. ते काम आजी-आजोबांचेच. आधी बोलणे येऊ द्या. मग एखाद्या शब्बाथनंतरच्या संध्याकाळी नातवाला त्याचे नाव देवनागरीत लिहून दाखवा. काना-मात्रा अक्षराला कायमच्या चिकटलेल्या असतात, हिब्रूच्या टिंबांसारख्या पुढे गळून पडत नाहीत, हे पाहून मुलांना मजा वाटते.

पुस्तके बुडाली तेव्हा तोंडी होते ते वाचले. आज घरात मराठी पुस्तके आहेत, पण ती पुढे कोण उघडणार? ते आपण आज नातवंडांशी कोणत्या भाषेत बोलतो, यावर ठरेल.