तारेतील बिघाडाचा ठाव

नागपुरास रेल्वे १८६७ साली आली. तिच्याकडेने वर्ध्यास जाणारी तार एखाद्या रात्री एकाएकी मुकी झाली, तर तारमास्तराने काय करावे? दोन्ही गावांत अंतर सुमारे ७८ किलोमीटर. लाइनमन प्रत्येक खांब न्याहाळीत चालला, तर दोन-तीन दिवस सहज जावेत.

साध्या कामगारासही दोष हुडकता यावा, ही चिंता हिंदुस्थानच्या तारखात्यास प्रारंभापासून होती. खात्याचे पहिले प्रमुख डॉ. विल्यम ओशॉनेसी हे मूळचे वैद्य. त्यांचे १८५३ सालचे मार्गदर्शक पुस्तक दुय्यम अंमलदार, कारागीर आणि संदेश पाठविणारे यांच्यासाठी होते, हे त्याच्या नावातच नमूद आहे. पुढे लुई श्वेंडलर या विद्युत्-तज्ज्ञाने सरकारी आज्ञेवरून तारांच्या तपासणीचे नियम लिहिले. ते १८७८ साली लंडनमध्ये छापले जाऊ लागले.

तार तुटली, जमिनीस लागली, की शेजारच्या तारेस चिकटली, हे प्रथम ठरवावयाचे. तुटली असल्यास प्रवाह जवळजवळ थांबतो. जमिनीस लागली असल्यास तो नेहमीपेक्षा वाढतो. ‘नेहमीपेक्षा’ या एका शब्दातच मर्म आहे. निरोगी तारेची मापे आधी लिहून ठेवली नसतील, तर यंत्राची सुई कितीही हलो, तिचा अर्थ लागत नाही. नाडी पाहणाऱ्या वैद्यास हे निराळे सांगावे लागत नाही.

जमिनीस लागलेल्या तारेचा नुसता रोध मोजून अंतर काढावे, तर नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. थंडीतील पहाटेहून ३५ अंशांनी अधिक तापलेल्या लोखंडी तारेचा रोध सुमारे सहाव्या हिश्शाने वाढतो आणि हिशेब कित्येक गावे चुकतो. यावर युक्ती मोठी सुरेख आहे. वर्ध्यास सदोष तार तितक्याच जाडीच्या चांगल्या तारेस जोडून वेटोळे करावयाचे, आणि नागपुरास दोषाच्या दोन बाजूंच्या रोधांचे केवळ गुणोत्तर पाहावयाचे. दोन्ही तारा सारख्याच तापलेल्या, म्हणून उष्णतेची बाधा उरत नाही. गुणोत्तर एकास चार आले, तर दोष १५६ किलोमीटरांच्या वेटोळ्याच्या पाचव्या हिश्शावर, म्हणजे नागपूरपासून सुमारे ३१ किलोमीटरांवर. लाइनमनाने बुटीबोरी व सिंदी यांच्या दरम्यान शिडी लावावी.

नागपूरचे नभोवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली. नभोवाणीत तारेच्या जागी निर्वात नळ्या आल्या, परंतु प्रक्षेपक सुरळीत चालू असताना त्याच्या मीटरांचे आकडे ठराविक वेळी नोंदवहीत उतरविण्याची रीत तीच राहिली. आवाज बिघडला की अभियंता प्रथम आदल्या दिवसाचे पान उघडीत असे.