प्रोसेसरची दरवाढ आणि संगणकाची जुळणी

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथे दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबाळ छत्र उभारले. प्रवाशांप्रमाणेच विद्यार्थ्यांच्याही भोजनाची व शिक्षणाची तेथे सोय होती. आता विद्यार्थ्याला संगणकही लागतो. तामिळनाडू सरकारने २०११ मध्ये मोफत लॅपटॉप योजना सुरू केली. योजनेत न बसणाऱ्या कुटुंबांना मात्र बाजारभावानेच खरेदी करावी लागते.

सुटे भाग जोडून संगणक तयार करणे हा अशा कुटुंबांचा नेहमीचा मार्ग. त्यासाठी लागणारे इंटेल किंवा एएमडीचे प्रोसेसर आयात होतात व त्यांचा व्यवहार डॉलरमध्ये होतो. १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे प्रोसेसरवर मूळ सीमाशुल्क नाही. परंतु १८ टक्के वस्तू व सेवा कर रुपयांतील किमतीवर आकारला जात असल्याने डॉलर वधारताच कराची रक्कमही फुगते. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने प्रथमच ९० रुपयांची पातळी ओलांडली.

प्रोसेसरची निवड इतर खर्चही ठरवते. एएमडीच्या एएम५ मदरबोर्डवर केवळ डीडीआर५ मेमरी चालते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरची मागणी वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धात तिचे भाव भडकले. मायक्रॉनने तर किरकोळ ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँड बंद करण्याचे ३ डिसेंबर २०२५ रोजी जाहीर केले. जुन्या एएम४ मदरबोर्डवर डीडीआर४ चालते. पण उत्पादकांनी तिचे उत्पादन आवरते घेतल्याने त्याच वर्षी तीही महागली.