रंगीत गोळ्या आणि डॉ. फाइनगोल्ड

मुलगा पहिलीत होता तेव्हाची गोष्ट. शाळेतून चिठ्ठी आली : वर्गात लक्ष नसतं, जागेवर बसत नाही. कुणीतरी सांगितलं, साखर आणि रंगीत खाऊ बंद करा, पोरगं शांत होईल. आम्ही सगळं एकदम बंद केलं. तीन आठवड्यांत तो खरंच सुधारल्यासारखा वाटला. पण माझ्यातला प्रोग्रॅमर काही गप्प बसेना. दहा ओळी एकदम बदलल्या आणि बग गेला, तर तो नेमका कशाने गेला? म्हणून म्हटलं, ही कल्पना आली कुठून ते तरी बघू.

तर ती आली सॅन फ्रान्सिस्कोहून. डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड हे तिथे कैसर परमनंटेमध्ये ॲलर्जीतज्ज्ञ होते. १९६५ साली अंगावर पित्त उठतं म्हणून एक बाई त्यांच्याकडे आली. त्यांनी तिचा आहार बदलला. पित्त गेलंच, वर तिचं भांडखोर वागणंही निवळलं! पुढे १९७३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे त्यांनी मांडलं की कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद आणि सॅलिसिलेट यांमुळे मुलं अतिचंचल होतात. सॅलिसिलेटच्या यादीत सफरचंद, संत्री, टोमॅटो आणि काकडीसुद्धा. (म्हणजे आमच्याकडे कोशिंबीरही बंद!) औषधांना कंटाळलेल्या पालकांनी हा आहार उचलून धरला आणि १९७६ साली त्यांची संघटनाही उभी राहिली.

आता हे तपासायचं कसं? आईला माहीत असतं आज काय वाढलं ते. विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी यावर भारी उपाय काढला. घरातलं सगळं अन्न हलवून अख्ख्या कुटुंबाला दर आठवड्याला किराणा तेच पुरवायचे, आणि कुठला आहार कधी चालू आहे ते कुणालाच कळू द्यायचे नाहीत. १९७८ साली निकाल छापून आला : शाळेत जाणाऱ्या ३६ मुलांत शिक्षकांना म्हणावा असा फरक दिसला नाही. काही आईवडिलांना मात्र दिसला.

साखरेची गोष्ट तर आणखी बोलकी. १९९४ सालच्या एका प्रयोगात कुठल्याच मुलाला साखर दिली नव्हती. पण ज्या आयांना "दिली आहे" असं सांगितलं, त्यांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला, आणि त्या त्याला जास्त टोकतही होत्या.

म्हणजे फाइनगोल्ड अगदीच चुकले का? तसंही नाही. २००७ साली साउथॅम्प्टनच्या अभ्यासात काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने साध्यासुध्या मुलांचीही चंचलता थोडी वाढलेली दिसली. जुलै २०१० पासून युरोपात सहा रंगांच्या पदार्थांवर तसा इशारा छापावा लागतो. थोडक्यात काय, परिणाम आहे, पण लहान, आणि सगळ्या मुलांत सारखा नाही.

हे वाचलं आणि ते तीन आठवडे आठवले. तेव्हा आम्ही रोज त्याच्याशेजारी बसून जेवत होतो आणि "आता फरक पडतोय" म्हणून त्याच्यावर ओरडतही नव्हतो. हा बदल माझ्या यादीत नव्हताच!

आज रंगीत गोळ्या आमच्याकडे येत नाहीत. फळं आणि वाढदिवसाचा केक परत आले. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. डब्यात काय द्यायचं यावर वाद घालताना त्याला तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्यायला आम्ही एक वर्ष उशीर केला. ते वर्ष वर्गात ओरडा खात त्याने एकट्यानेच काढलं.