छायाचित्रांतील नद्या

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी घरोघरची जुनी छायाचित्रे गोळा करावीत, असे संपादक मंडळाने ठरविले आणि तात्यापारा व आसपासच्या वस्तीचे काम आमच्याकडे आले. पत्र्याच्या पेट्या, लग्नाचे आल्बम, बिस्किटांचे रिकामे डबे असे सारे उघडले गेले. मुंजी, बारशी, गणेशोत्सवातील नाटके ही अपेक्षित होतीच. आश्चर्य वाटले ते नद्यांचे. राजिमचा संगम, महादेवघाटावरची खारून, रुद्रीचा बंधारा आणि बस्तरमधील चित्रकोटचा धबधबा, या चार ठिकाणांपैकी एखाद्याचे तरी छायाचित्र बहुतेक घरांत निघाले. मात्र चित्र उलटून पाहावे, तर पाठ कोरी! साल नाही, महिना नाही.

ही उणीव किती मोठी, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. छायाचित्रणाच्या आरंभकाळी वाहते पाणी हा अवघड विषय मानला जाई. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायन ओतून, ती ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवावी लागे. त्यामुळे अंधारी खोली म्हणजे एक तंबूच नदीकाठी न्यावा लागे. प्रकाश घेण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढ्या वेळात काठावरचा दगड जागचा हलत नसे, पाणी मात्र पुढे निघून जाई. म्हणून त्या काळच्या धबधब्यांत थेंब दिसत नाहीत, दुधाचा पदर सोडल्यासारखे धुके दिसते. शिवाय त्या काचांना निळा रंग फार लवकर उमटे आणि तांबडा जवळजवळ उमटतच नसे. परिणामी आकाश कोरे पांढरे आणि पावसाळ्यातील गढूळ पाणी काळे येई. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास समुद्राची चित्रे करताना आकाशाची एक काच आणि पाण्याची दुसरी, अशी जोड देऊन ही अडचण भागविली. खरे सांगायचे तर ती एक प्रकारची लबाडीच. पण चित्रे अप्रतिम आहेत.

ही विद्या मुंबईत लवकर आली. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिचे सभासद होते. पुढे १८६६ साली सॅम्युएल बोर्न हा इंग्रज काचा, रसायने आणि हमालांचा तांडा घेऊन गंगोत्रीच्या हिमनदीपर्यंत पोहोचला आणि गंगेच्या उगमाचे चित्र घेऊन आला. त्याच सुमारास अमेरिकेत कार्लटन वॉटकिन्स याने योसेमिटी खोऱ्यातील कडे व धबधबे प्रचंड काचांवर टिपले होते. ते खोरे राखून ठेवण्याच्या कायद्यावर १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांची सही झाली, त्यामागे या चित्रांचाही हात होता असे मानतात. हलते पाणी हलतानाच दिसण्यास मात्र ७ जुलै १८९६ उजाडावा लागला. त्या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा खेळ झाला. त्यात समुद्रस्नानाचाही एक तुकडा होता.

आपल्या भागाकडे वळू. भोसल्यांच्या अमदानीत आणि पुढे मध्य प्रांताच्या काळात कारकुनी, वकिली, शिक्षकी अशा निमित्तांनी नागपूर-वऱ्हाडाकडून जी मराठी घरे रायपुरास आली, त्यांच्या हाती स्वतःचा कॅमेरा यायला बराच काळ जावा लागला. आम्ही पाहिलेली बहुतेक चित्रे आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्याची आहेत. एका रोलवर बारा चित्रे आणि उघडझाप एकाच ठरीव वेगाची. त्या वेगाला धबधबा धरून ठेवणे शक्यच नव्हते. म्हणजे १८६६ आणि १९६६ यांत यंत्र पार बदलले, तरी आमच्या धबधब्याची कड पुसटच राहिली!

दुसरी अडचण माणसांची. मंडळी धबधब्याकडे पाठ करून ओळीने उभी राहत, नऊवारी आणि टोप्यांनी चौकट भरून जाई आणि पाणी कोपऱ्यात उरे. उरलेल्या पाण्यावरही संकट येई. आमच्या घरचे एक चित्र मोठे करण्यास दिले असता स्टुडिओवाल्याने नदी कापून टाकली. विचारले, तर "पाण्यात काय आहे? चेहरे मोठे करून दिले," असे उत्तर मिळाले.

पाण्यात काय आहे, ते राजिमच्या चित्रांवरून समजते. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर, नदीच्या पात्रातच, कुलेश्वर महादेवाचे देऊळ उंच जोत्यावर उभे आहे. छोट्या लाइनच्या गाडीने राजिमला गेलेल्यांनी चित्र घेतले ते देवाचे. पण जोत्याच्या किती पायऱ्या पाण्याबाहेर आहेत, हेही त्याबरोबर टिपले गेले. ते जोते म्हणजे आयती मोजपट्टीच होय. आम्ही सात घरांतील सात चित्रे शेजारी मांडली. एकात पाणी जोत्याला भिडलेले, दोहोंत गुडघाभर, उरलेल्या चारांत वाळूच वाळू. महिना कळता तर यातून पुष्कळ सांगता आले असते. महानदीवर वरच्या बाजूस रुद्रीचा बंधारा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाला, तिच्या सिलियारी या उपनदीवर १९२३मध्ये मुरुमसिल्लीचे धरण पुरे झाले आणि १९७० नंतरच्या दशकात गंगरेलचे मोठे धरण उभे राहिले. गंगरेलच्या बुडीत क्षेत्रातील अंगारमोती देवीचे स्थान आज धरणाच्या काठी आहे. या कामांपूर्वीची वाळू आणि नंतरची वाळू यांचा अर्थ एक नव्हे. कोऱ्या पाठीच्या चित्रात मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

चित्रकोटची गोष्ट याहून नाजूक आहे. येथे इंद्रावती सुमारे ९५ फूट खाली उडी घेते. पावसाळ्यात घोड्याच्या नालेसारखा सारा कडा तांबूस पाण्याने भरतो, हिवाळ्यात वेगवेगळ्या पांढऱ्या धारा होतात. हेच पाणी पुढे गडचिरोलीच्या सीमेवर गोदावरीस मिळते. पण ओडिशाच्या हद्दीत, बस्तरला पोहोचण्यापूर्वीच, इंद्रावतीचा बराच प्रवाह जोरा नाल्यातून शबरीकडे वळतो. तिच्या वरच्या अंगाला झालेल्या धरणातून गोदावरी खोऱ्याचे पाणी महानदीच्या खोऱ्यातही नेले जाते. १९७५ साली झालेल्या करारात सीमेवर वर्षाकाठी ४५ टीएमसी पाणी सोडण्याचे ठरले होते. तरीही अलीकडच्या काही उन्हाळ्यांत हा धबधबा अगदी क्षीण झालेला लोकांनी पाहिला. "पूर्वी असे नव्हते," असे जो तो म्हणतो. पूर्वी म्हणजे केव्हा आणि किती, याला पुरावा कोणता?

आमच्या साऱ्या संग्रहात चित्रकोटचे तारीख असलेले चित्र एकच निघाले, तेही योगायोगाने. एका घरच्या जमाखर्चाच्या वहीत नाताळ १९६८च्या पानावर जगदलपूरच्या प्रवासाचा खर्च आणि त्याखाली "रोल धुलाई" अशी नोंद होती, व चित्र त्याच पानात ठेवलेले होते. पाच मंडळींच्या मागे चार धारा स्पष्ट मोजता येतात. एवढ्यावरून निष्कर्ष काढणे अर्थातच धाडसाचे; त्या वर्षीचे पाऊसमानही पाहावे लागेल. परंतु त्याच दगडावर उभे राहून कोणी नाताळात पुन्हा चित्र घेतले, तर निदान दोन टोके हाती येतील.

उरलेल्या चित्रांसाठी आम्ही एका रविवारी वस्तीतील वृद्ध मंडळींना बोलाविले. पाण्याकडे कोणी पाहिले नाही, सारे चेहऱ्यांकडेच पाहत राहिले. आणि तारखा लागल्या त्या त्यामुळेच. "ही कडेवरची आमची धाकटी, म्हणजे दिवाळी नुकतीच झाली असणार," असे एक आजी म्हणाल्या, आणि राजिमच्या त्या गुडघाभर पाण्याला वर्ष मिळाले. संध्याकाळपर्यंत तेवीस चित्रांच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने साल लिहून झाले. एकोणचाळीस अजून कोरी आहेत. ती मंडळाच्या कार्यालयात ठेवली आहेत.