वस्तरा आणि पट्टा

वस्तरा चालवायला शिकणे ही इतिहासाने न नोंदलेली गोष्ट. आपल्या वस्तीत मात्र ती गरज होती. न्हावी आणि महार दोघेही बलुतेदार, एकाच खळ्यावर धान्य घेणारे. तरी महाराच्या हनुवटीला न्हाव्याचा वस्तरा लागत नसे. साताऱ्यात न्हावी होते, द्यायला पैसेही होते. तरी बाबासाहेबांचे केस त्यांच्या थोरल्या बहिणीला कापावे लागत, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

मग आपली माणसे आपसांत शिकली. कातडी ताणायची, पाते तिरके धरायचे, केसांच्या वळणाने ओढायचे. त्याआधी धार मागे ठेवून पाते पट्ट्यावर उलटसुलट फिरवायचे. तो पट्टा कशाचा? चामड्याचा. मेलेले जनावर महाराने ओढले, कातडे ढोराने कमावले. त्याच चामड्यावर गावाच्या वस्तऱ्याला धार चढत होती. चामड्याचा विटाळ नव्हता; विटाळ होता तो आमच्या गालाचा!

१९५५ च्या कायद्याने अशी सेवा नाकारणे गुन्हा ठरवले. मी वर्गात बलुतेदारी शिकवतो तेव्हा हा पट्टा पुढे ठेवतो. गावाला आमचे श्रम कधीच वर्ज्य नव्हते. वर्ज्य होता तो श्रम करणारा माणूस.