एक नाव, दोन रोग

लंगडणारे डुक्कर समोर आले की पशुवैद्यापुढे पहिला प्रश्न असतो तो असा: बिघाड सांध्यात आहे, की पायांना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंत? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, उपाय मात्र निराळे. विदर्भातल्या ओळखीच्या लाखोळी डाळीच्या बाबतीत याच प्रश्नाने शास्त्रज्ञांना बराच काळ गोंधळात टाकले होते. तो इतिहास आपण पाहू.

पारशिवनी-रामटेकच्या भातपट्ट्यापासून भंडारा-गोंदियापर्यंतच्या भागात उभ्या धानात लाखोळी फेकून पेरण्याची पद्धत जुनी आहे. धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर हे पीक येते. त्याला ना नांगरट लागते, ना पाणी. इतर पिके बुडाली तरी लाखोळी तग धरते. त्यामुळे दुष्काळात गरिबाच्या ताटात तीच उरते.

सागर भागात १८२९ पासून गव्हाचे पीक लागोपाठ बुडाले. पुढे लाखोळीवर दिवस काढणाऱ्या खेड्यांत तरुण माणसांचे पाय निकामी होऊ लागले. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद करून ठेवली आहे. १८७३ मध्ये इटलीच्या कांतानी यांनी या रोगाला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले. रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळे. तेथील रुग्णांचा अभ्यास अ‍ॅक्टन यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला.

रोगाचे कारण शोधायचे, तर तो प्राण्यांत घडवून पाहायचा, ही आम्हा संशोधकांची रीत. १९३३ मध्ये अमेरिकेत उंदरांना ‘स्वीट पी’ या बागेतल्या फुलझाडाचे बी खाऊ घातले गेले. हे झाड लाखोळीच्याच कुळातले. उंदीर लंगडले, त्यांची हाडे वाकली. या रोगालाही ‘लॅथिरिझम’च म्हटले गेले. पण माणसाच्या रोगात हाडे आणि सांधे शाबूत असतात. पायांचे स्नायू ताठरतात आणि रुग्ण चवड्यांवर, काठीच्या आधाराने चालतो.

उलगडा दोन टप्प्यांत झाला. १९५४ मध्ये स्वीट पीमधले विष ओळखता आले. कोलॅजेनचे धागे एकमेकांना जोडणाऱ्या विकराला ते रोखते. त्यामुळे हाडे, कूर्चा आणि सांध्यांचे बंध कमजोर होतात. १९६४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, आडिगा आणि शर्मा यांनी लाखोळीतून ‘ओडॅप’ हे द्रव्य वेगळे केले. ते चेतापेशींना प्रमाणाबाहेर उत्तेजित करून मारते. एकाच नावाखाली हाडांचा एक आणि मज्जासंस्थेचा दुसरा, असे दोन रोग होते.

दरम्यान १९६१ मध्येच केंद्राने लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली होती. महाराष्ट्राने आपली बंदी २००८ मध्ये उठवली. ओडॅप कमी असलेले वाणही निघाले आहेत. डाळ भिजवून, उकळून ते पाणी टाकून दिले, तर बरेचसे विष निघून जाते. इतर अन्नाबरोबर थोडी लाखोळी खाणे आणि महिनोन्‌महिने तिच्यावरच जगणे, यांत मोठा फरक आहे.

हा इतिहास वर्गात सांगताना विद्यार्थ्यांना दोन प्रश्न जरूर विचारावेत. लक्षणे सारखी दिसली म्हणून कारण एकच असते का? आणि ज्याच्या घरात दुसरे धान्यच नाही, त्याला नुसत्या बंदीने काय मिळते?